दहा टक्के मोकळीक

‘ओपन स्पेस’ हा शब्द कोकणातल्या धाटाव-रोह्याकडे स्त्रीलिंगी आहे. “ओपन स्पेस आपलीच आहे”, “गाडी ओपन स्पेसला लाव”, “ओपन स्पेसवर राडारोडा कुणी टाकला?” अशी वाक्यं रोज कानावर पडतात आणि कुणालाही अडखळायला होत नाही. इंग्रजीत बिचारीला लिंग नव्हतं. आमच्याकडे आल्यावर ते मिळालं, कारण तोंडाने काहीही म्हणत असलो तरी मनात आम्ही ‘जागा’च म्हणत असतो. आणि एकदा जागा म्हटली की पुढचं सगळं ओघानेच येतं: ती कुणाची, तिच्यावर डोळा कुणाचा, आणि एवढी चांगली जागा अशी नुसती का पडलीय.

या शब्दाचा कागदावरचा अर्थ अगदी साधा आहे. शेतजमीन बिनशेती करून तिचे प्लॉट पाडायचे झाले की नकाशा मंजूर करताना एक नियम आडवा येतो. जमीन ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठी असली, तर तिच्यातला दहा टक्के भाग सगळ्या प्लॉटधारकांसाठी मोकळा सोडावा लागतो. राज्याच्या २०२०च्या एकत्रित विकास नियमावलीतही हाच हिशेब आहे. ४००० चौरस मीटर म्हणजे एकराला जरासं कमी. एकराचे गुंठे चाळीस, त्यातले चार मोकळे. पानात डावीकडे वाढलेल्या मिठाएवढीच ही मोकळीक. पण ते मीठ वाढल्याशिवाय पंगत सुरू होत नाही. नकाशावर हा तुकडा हिरव्या रंगाने रंगवलेला असतो. जागेवर तो हिरवा असेलच असं नाही, पण कुठे असेल हे नकाशा न बघताही सांगता येतं. ज्या कोपऱ्यात प्लॉट चौकोनी निघत नाही, ज्याच्यावरून विजेच्या तारा जातात आणि पावसात ज्याच्यात पहिल्यांदा पाणी साचतं, तो कोपरा सर्वांच्या मालकीचा असतो.

जाहिरातीत हीच ‘प्रशस्त ओपन स्पेस’ होते. रविवारी एजंटबरोबर प्लॉट बघायला आलेले मुंबईकर तिथे येऊन थांबतात. दोन्ही हात कमरेवर ठेवून, डोंगराकडे तोंड करून एक खोल श्वास घेतात आणि म्हणतात, “वा! काय ओपन आहे हो!” वारा एमआयडीसीकडून असला तर तो श्वास अर्ध्यातच सोडतात. इथला माणूस एवढा खोल श्वास घेत नाही. बाराही महिने वारा कुठून आहे हे आम्हाला झाडाचं पान न बघता कळतं, आणि त्याप्रमाणे आम्ही बेताबेताने श्वास घेतो.

आम्हाला विस्तीर्ण मोकळ्या जागा ठाऊक नव्हत्या असं मात्र नाही. भूगोलाच्या पुस्तकात त्या सगळ्याच्या सगळ्या होत्या. उत्तर अमेरिकेत प्रेअरी, दक्षिण अमेरिकेत पंपास, आफ्रिकेत व्हेल्ड, ऑस्ट्रेलियात डाउन्स आणि युरोप-आशियात पसरलेले स्टेप्स. ‘समशीतोष्ण गवताळ प्रदेश’ हे त्यांच्या घराण्याचं नाव. मराठी माध्यमाच्या कित्येक पिढ्यांनी ही यादी घोकली आहे, कारण ‘जोड्या लावा’मध्ये ती हमखास यायची. वर्गाच्या खिडकीतून दिसायचा समोरचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याची भाताची खाचरं, त्यातलं सर्वांत मोठं आमच्या शाळेच्या पटांगणाएवढं. क्षितिजापर्यंत गवतच गवत ही कल्पना डोक्यात शिरायलाच जागा नव्हती. एवढं गवत असेल तर गुरं राखायला माणसं किती लागत असतील, असं आमच्यातल्या एकाने विचारलं. मास्तर म्हणाले, “तुला नाही धाडत. खाली बस.”

त्या नावांच्या गमती फार पुढे कळल्या. आम्ही ती ‘इंग्रजी नावं’ म्हणून पाठ केली होती, आणि त्यातली जवळपास सगळीच उसनी निघाली. प्रेअरी फ्रेंचांची, त्यांच्या भाषेत साधं कुरण. पंपा हा अँडीजमधल्या किचुआ भाषेतला शब्द, सपाटी अशा अर्थाचा. व्हेल्ड हे डच शेतकऱ्यांचं रान. स्टेप रशियन. नंतरच्या धड्यात येणारा सव्हाना तर कॅरिबियन बेटांवरच्या टाइनो लोकांच्या बोलीतून स्पॅनिशमार्गे आलेला. उरले डाउन्स. ते तेवढे अस्सल जुने इंग्रजी, आणि त्यांचा मूळ अर्थ टेकडी! म्हणजे गवताळ मैदान म्हणून आम्हाला एक गुण मिळाला तो एका टेकडीच्या नावावर. छोट्या बेटावर राहणाऱ्या इंग्रजांकडे एवढी सपाटी मुळात नव्हतीच. ती त्यांनी जगभर हिंडून मिळवली, आणि जमिनीबरोबर तिथल्या लोकांचे शब्दही घरी नेले. भारतातून नेला तो ‘मैदान’. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ सालच्या अँग्लो-इंडियन कोशात तो बाकीच्या सामानाबरोबर नीट मांडून ठेवलेला आहे. यावर आम्ही तक्रार करावी अशी परिस्थिती नाही, कारण मैदान आम्हीही फारसीकडूनच आणलेलं.

मुंबईतली प्रसिद्ध मैदानं साहेबाने मोकळी ठेवली त्याचं कारणही ऐकण्यासारखं आहे. किल्ल्याबाहेरचं एस्प्लनेड मोकळं होतं ते पोरांनी क्रिकेट खेळावं म्हणून नव्हे. चाल करून येणाऱ्या शत्रूला लपायला झाडझाडोरा, घरं काही मिळू नये आणि तो तोफेच्या टप्प्यात स्वच्छ दिसावा, म्हणून ती जागा साफ राखलेली. ओव्हल, क्रॉस, आझाद ही मैदानं त्याच पट्ट्याचे तुकडे. रविवारी ओव्हलवर एखादा चेंडू सरळ सीमेपार धावतो, त्याला वाट तोफांनी करून दिलेली आहे.

कोकणात शत्रूला लपायला जागाच जागा. पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला समुद्र आणि मधल्या पट्टीत आडवेतिडवे डोंगर. त्या डोंगरांनी सोडली तेवढीच सपाटी. धाटावात क्षितिज नावाची वस्तू नाही. सूर्य आधी डोंगर चढतो, मग आमच्याकडे येतो, त्यामुळे त्याला रोज थोडा उशीर होतो. माझा एक भाचा टेक्सासात असतो. तो फोनवर कौतुकाने सांगतो, “मामा, इथे तासभर गाडी चालवली तरी समोरचं चित्र बदलत नाही.” मी म्हटलं, “गणपतीत कोलाड ते माणगाव आमचंही तसंच होतं.”

मोठी सपाटी नव्हती म्हणून मोकळ्या जागेला नावं नव्हती असं कुणी समजू नये. उलट फार होती. डोंगरउतारावरची वरकस. तिच्यात नाचणी-वरी व्हायची आणि बाकी गवत वाढायचं. बाहेरच्या माणसाला ती ओसाड वाटे. पण त्या उतारावरचं गवत, पाला, झाडांचा टाहाळ खाली आणून उन्हाळ्यात दाढीवर, म्हणजे रोपांच्या वाफ्यावर, पसरून राब भाजला नाही, तर खालच्या खाचरात लावायला रोप मिळायचं नाही. म्हणजे खालच्या भाताचं मूळ वरच्या ओसाडीत होतं. डोंगरात ठाकूर-कातकऱ्यांच्या लागवडीच्या दळ्या. खाडीकडे खाजण, जिथे भरतीचं पाणी मोकळेपणाने येतं-जातं. बांध घालून ते पाणी थोपवलं की त्याचीच खार होते. पेणच्या बाजूला असा सगळा खारेपाटच आहे. गावाच्या कडेला गुरचरण. कापणीनंतर सारवून केलेलं खळं, ज्याला महिना-दीड महिन्याचंच आयुष्य. आणि होळीचा माळ, वर्षातून एक रात्र होळीचा आणि बाकीचे दिवस गुरांचा, पोरांचा, वाट चुकलेल्या वऱ्हाडाचा. यातलं एकही नाव जागा केवढी आहे ते सांगत नाही. तिथे काय चालतं, कोण येतं, कुठल्या महिन्यात येतं, एवढं सांगतं.

सरकारी दप्तराला असला तपशील मानवत नाही. सातबाऱ्यावर असल्या जमिनीचं एक वेगळंच नाव असतं: पोटखराब. नवख्याला वाटतं जमिनीला जुलाब झाले आहेत. या पोटखराबीचे दोन वर्ग आहेत. ‘अ’ म्हणजे खडक, खाचखळगे, लागवडीला नालायक. ‘ब’ म्हणजे रस्ता, ओढा असल्या सार्वजनिक कारणासाठी राखलेली. दहा माणसं जिच्यावरून चालतात ती जमीन आणि जिच्यात काहीच उगवत नाही ती जमीन, महसूल खात्याने दोघींनाही एकाच आजारात काढलं. आमच्या ओपन स्पेसचं पुढे काय होतं ते बघता, निदान अगदीच चुकलेलं नाही.

या सगळ्या नावांपलीकडे आमच्याकडे मोकळं रान यायचं ते ऋतूने. जूनमध्ये खाचरं पाण्याने भरली की गावं एकमेकांपासून लांब जातात. पलीकडच्या वाडीला जायचं तर बांधावरून उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे, हातात चपला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी होते, झोडणी होते, पेंढा रचला जातो, आणि एके दिवशी कुणीतरी पहिल्यांदा शेतातून तिरकं चालत जातं. आठवड्याभरात तिथे पायवाट उमटते. डिसेंबरात गावं जवळ येतात. पाहुणा पूर्वी अर्ध्या तासाने यायचा तो दहा मिनिटांत येतो आणि जेवणाच्या वेळीच येतो. गुरं दावणीतून मोकळी सुटतात. पोरं धसकटं खणून पीच करतात. क्रिकेटचे नियमही शेताने ठरवलेले: पहिल्या बांधापलीकडे चार, दुसऱ्या बांधापलीकडे सहा, आणि तिसऱ्या बांधापलीकडे गेला तर ज्याने मारला त्यानेच चेंडू आणायचा. या शेवटच्या नियमामुळे आमच्याकडचे फलंदाज फार संयमी निघाले.

इथे मालकी कुणाची सुटलेली नसायची. प्रत्येक बांधावर भांडण होतं, काही भांडणं कोर्टात वयात आली होती. पण कापणी ते पेरणी त्या मालकीला सुट्टी असे. ज्याच्याशी दिवाणी दावा चालू आहे त्याच्या शेतात यष्ट्या ठोकायला हरकत नव्हती. एप्रिल संपत आला की मालक यायचा, राबाची जागा बघायचा आणि म्हणायचा, “चला, आता आवरा.” पोरं आवरायची. आमच्या माहितीतली ती एकमेव अतिक्रमण-हटाव मोहीम, जी दरवर्षी वेळेवर आणि पोलिसांशिवाय पार पडली.

ही मोसमी मोकळीक आटायला लागली ती पाणी आल्यामुळे. त्याचं मूळ घाटावर आहे. मुळशीला टाटांनी मुळा नदीवर धरण बांधायला घेतलं आणि तिथल्या शेतकऱ्यांनी १९२१मध्ये सत्याग्रह सुरू केला. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी त्याच लढ्यातून मिळाली. धरण झालंच. १९२७मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं, आणि पूर्वेकडे जाणारं पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला उतरून कुंडलिकेला मिळायला लागलं. म्हणून कुंडलिका मे महिन्यातही वाहते. सकाळी वीजघरातून पाणी सुटलं की कोलाडला पुण्या-मुंबईची मंडळी शिरस्त्राणं घालून तिच्यात रबरी होड्या सोडतात आणि ‘नॅचरल’ प्रवाहाचे फोटो काढतात. डोलवहाळच्या बंधाऱ्यातून कालवे निघाले, उन्हाळी भात आला. मावळातल्या ज्यांची शेतं बुडाली त्यांच्या पाण्यावर आमची शेतं वर्षातून दोनदा हिरवी झाली. चांगलंच झालं, फक्त डिसेंबरातली तिरकी पायवाट गेली आणि गुरं बांधून ठेवावी लागली. मग त्याच बारमाही पाण्याच्या काठी धाटावची एमआयडीसी उभी राहिली. रंग, औषधं, रसायनं. कारखाने आले म्हणजे माणसं येतात, माणसं आली म्हणजे घरं लागतात, घरांसाठी प्लॉट पडतात, आणि शेवटी नकाशाच्या कोपऱ्यात हिरवा चौकोन येतो. ओपन स्पेस हा शब्द आमच्या तोंडी बसला तेव्हा माळ, खळं, गुरचरण एकेक करून बोलण्यातून गळायला लागलेच होते.

बाहेरून बघणाऱ्याला मोकळं काय दिसतं, याचा मोठा प्रयोग पेण तालुक्यात झाला. महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जी जमीन हवी होती तिच्यात पेणची बावीस गावं हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली होती. २१ सप्टेंबर २००८ रोजी तिथल्या शेतकऱ्यांचं जनमत घेतलं गेलं, जमीन द्यायची की नाही म्हणून. उंचावरून बघितलं तर खारेपाट म्हणजे सपाट, घरं नसलेली, कोऱ्या कागदाइतकी मोकळी जमीन, आणि कोरा कागद दिसला की माणसाला काहीतरी लिहावंसं वाटतंच. खाली उतरलं की त्याच सपाटीत पिढ्यान्‌पिढ्या राखलेले बांध, उघाड्या, तुकड्यातुकड्याला वेगळं नाव, आणि हा तुकडा आजीच्या माहेरचा, तो थोरल्या काकांनी सोडवलेला, अशी कहाणी. प्रकल्प काही झाला नाही. तेव्हापासून ‘इथे काहीच नाहीये’ असं कुणी हात पसरून म्हटलं की पेणकडचा माणूस आधी त्याच्या पायाखाली काय आहे ते बघतो.

आता चार गुंठ्यांत काय काय होऊ शकतं, याबाबत आमचा तालुका कुणालाही शिकवू शकेल. मुळात आमचा खेळच चार गुंठ्यांचा आहे. कबड्डीचं पुरुषांचं क्रीडांगण १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. कितीही कोंबलं तरी १३० चौरस मीटर. म्हणजे एकराच्या ओपन स्पेसमध्ये तीन क्रीडांगणं मावतात. प्रेक्षकांनी मात्र आजूबाजूच्या गच्च्यांवर बसायचं. ज्यांच्याकडे प्रेअरी होती त्यांनी चेंडू नजरेआड मारायचा खेळ काढला. आमच्याकडे जागा तेवढीच होती, म्हणून आम्ही श्वास कोंडून, समोरच्याच्या अंगाला हात लावून घरी परत यायचा खेळ वाढवला. अलिबाग, पेण, रोहा या पट्ट्यात रात्रीचे सामने लागले की अजूनही चढाईला जाणाऱ्याचं नाव घेऊन ओरडणाऱ्या आज्या दिसतात. लुंगी सावरत उभे असलेले आजोबा पंचाला नियम सांगतात. एवढ्या छोट्या तुकड्यात एवढी माणसं बघितली की त्याला ओपन म्हणायचं धाडस होत नाही.

हिवाळ्यात ओपन स्पेसला आग लागते. म्हणजे लावतात. वालाच्या शेंगा भरल्या की पोपटीचे दिवस. मातीच्या मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा, मग अंडी, मसाला लावलेली कोंबडी, बटाटे, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी परत पाला गच्च. पाण्याचा थेंबही नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचायच्या आणि पेटवून द्यायचं. अर्ध्याएक तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचं. चर्र वाजलं की झालं. पूर्वी ही कापलेल्या शेतातच व्हायची, ज्याच्या शेतात वाल त्याच्याच शेतात, पुष्कळदा त्याला न विचारता. आता कोलाडच्या रिसॉर्टवाल्यांकडे ती माणशी दर लावून मिळते. आमच्या लेआउटमध्ये मात्र ती ओपन स्पेसवरच होते, आणि दरवर्षी व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक संदेश येतो: “ओपन स्पेसमध्ये धूर कोण करत आहे? कृपया नियम पाळावेत.” धाटावात राहून भांबुर्ड्याच्या धुराची तक्रार करायला हिंमत लागते, म्हणून आम्ही त्या गृहस्थांचा आदर करतो. उत्तर जातं: “काका, शेंगा झाल्या. या.” काका येतात. येताना स्वतःची वाटी आणतात.

बाकी वर्षभर तिथे काय नसतं! गणपतीचा मंडप, पितृपक्षात साखरचौथीच्या गणपतीचा मंडप, हळदीचा मंडप, आणि तो न काढता त्याच खांबांवर दुसऱ्या दिवशी तेराव्याची ताडपत्री. मे महिन्यात आगोटीची वाळवणं: मिरच्या, पापड, कोकमं, सुकट, आणि या सगळ्यावर डोळा ठेवणारी मांजरं. कुणाची तरी बांधकामाची वाळू कायमच. हा प्लॉट मोकळा म्हणून आमच्या नावावर नोंदलेला आहे, पण तो मोकळा असलेला मी क्वचितच पाहिला आहे.

तरीसुद्धा वार्षिक सभेत दरवर्षी विषय असतो, ‘ओपन स्पेसचा विकास’. देऊळ हवं असलेले आहेत. त्यातही कुठल्या देवाचं यावर दोन पक्ष आहेत. ज्येष्ठांना कट्टा हवा. तरुण मंडळींना जिम. एकांना वॉकिंग ट्रॅक हवा आहे. चार गुंठ्यांच्या कडेने चालायचं तर एक किलोमीटर व्हायला बारा-तेरा फेऱ्या लागतात आणि निम्म्यात डोकं गरगरतं, हे दुसऱ्यांनी स्वतः चालून दाखवलं. ज्यांच्याकडे दोन गाड्या आहेत ते पार्किंगच्या बाजूचे, आणि ज्यांच्याकडे एकही नाही ते पर्यावरणाच्या. “मोकळी ठेवली तर कुणीतरी घुसेल,” हे एका तात्यांचं ठरलेलं वाक्य. कोण घुसेल ते ते सांगत नाहीत. त्यांच्या कंपाउंडची भिंत मात्र मधल्या काळात हातभर पुढे सरकलेली आहे. शेवटी एक वहिनी उभ्या राहतात आणि विचारतात, “हे सगळं करा, पण आगोटीला आम्ही वाळवणं घालायची कुठं, ते आधी सांगा.” यावर कुठल्याच पक्षाकडे उत्तर नसतं.

मला विचाराल तर या सगळ्यांतली एकही गोष्ट वाईट नाही, आणि एकही होऊ नये असं मला वाटतं. मत मात्र मी देत नाही. इथे काहीच नको म्हणणाऱ्याकडे लोक संशयाने बघतात. याचाच काहीतरी बेत असणार असं त्यांना वाटतं. शिवाय माझ्या मताची गरजही पडत नाही. देऊळवाले जिम होऊ देत नाहीत, जिमवाले कट्टा होऊ देत नाहीत, आणि निधी कुणाकडेच नाही. वहीत दरवर्षी तेच लिहिलं जातं: ‘ओपन स्पेसच्या विकासाबाबत सविस्तर चर्चा झाली. एकमत न झाल्याने विषय पुढील सभेपर्यंत तहकूब करण्यात आला.’ सचिव बदलला की नवा सचिव जुनं पान उघडून तेवढंच उतरवून घेतो. सभा भरवायला दुसरा हॉल नसल्याने ती ओपन स्पेसवरच भरते, संध्याकाळी, मंडपवाल्याच्या लाल खुर्च्यांवर. मागच्या वेळी ठराव लिहून झाल्यावर अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, “अजून कुणाला काही बोलायचंय?” कडेला बॅट घेऊन कधीचा उभा असलेला एक जण म्हणाला, “काका, तुमच्या खुर्च्या पीचवर आहेत.”